अळणी खिचडी

शाळेची जुनी प्रयोगशाळा पाडणार आहेत असं कळलं, तेव्हा मी मावशीला म्हटलं, चल, एकदा बघून येऊ. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, सुमन. पाथर्डीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. तिथल्या हायस्कुलात मावशीनं पुष्कळ वर्षं पोरांची खिचडी शिजवली आणि मी त्याच शाळेत दहावीपर्यंत शिकले. आता मावशी पाथर्डीला राहते आणि मी नगरला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर बाटल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवते आणि प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचते. सोबतच्या मुली मला हसतात.

खोलीला आता दार नव्हतं. पत्रा अर्धा उचकटलेला, त्यातून उन्हाचा एक पट्टा थेट ओट्यावर पडला होता. काचेची कपाटं गेली होती, भिंतीवर फक्त त्यांचे फिकट चौकोन उरले होते. मी उंबऱ्यात थांबले आणि नकळत श्वास ओढून घेतला. काहीच वास आला नाही. चुना, माती, पारव्यांची घाण, एवढंच.

त्या खोलीला एकेकाळी केवढे वास होते! स्पिरिटच्या दिव्याचा गोडसर, डोक्यात चढणारा. गंधकाचा पिवळा वास. हो, मला तो पिवळाच वाटायचा. ओल्या फडक्याचा, खडूचा. आणि साडेअकरा वाजले की मागच्या खिडकीतून आत येणारा खिचडीचा. खिडकीपलीकडंच मावशीची पत्र्याची शेड होती. बाभळीचा धूर, तेलात तडतडणारी मोहरी, हळद, मग शिजत्या तांदळाची वाफ. प्रयोगाच्या तासाला आमचे डोळे बाईंच्या हाताकडं असायचे आणि नाकं खिडकीकडं. निम्मी पोरं आसपासच्या वाड्यांवरून चालत, घरून काही न खाताच आलेली असायची.

दसरा झाला की आमचं गाव रिकामं व्हायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरायच्या. भांडी, गोधड्या, कोयते, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी आणि सगळ्यात वर बसलेली लहान पोरं. दिवाळीनंतर गल्लीत उभं राहिलं तर आपल्याच पावलांचा आवाज ऐकू यायचा. बंद दारांना बाभळीच्या काटेरी फांद्या लावलेल्या. माझे आईवडीलही जायचे, कारखान्याकडं, ऊस तोडायला. सातवीपर्यंत मीही गेले. पहाटे पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांवर, दव पडलेलं असायचं आणि पातं बोटाला कापायचं तेव्हा आधी थंड लागायचं, मग झोंबायचं.

आठवीला मावशीनं मला ठेवून घेतलं. माझे वडील, दादा, तयार नव्हते. मावशी अंगणात उभी राहून त्यांच्याशी भांडली.

"पोरगी हुशार हाय, भावजी. आवंदा तिच्या हातात कोयता दिला तर माज्याशी गाठ हाय."

दादा कासरा गुंडाळत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पन शाळंतनं एक जरी तक्रार आली, तर आल्या पावली तिला उसाच्या फडावर न्हेईन. मग मला बोलायचं न्हाई."

मी खांबाला टेकून ऐकत होते. त्या दिवसापासून मी शाळेत अशी वागायला लागले, जशी डोक्यावर भरलेली घागर घेऊन बाई चालते.

शेख बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या. त्या रोज नगरहून एस.टी.नं पाथर्डीला आणि तिथून जीपनं गावात यायच्या. केसांवर धूळ बसलेली असायची, ती झटकत वर्गात शिरायच्या. माझं अक्षर बरं होतं म्हणून त्यांनी मला प्रयोगशाळेच्या मदतीला घेतलं होतं. त्यांच्या कपाटातल्या बाटल्या जुन्या होत्या, चिठ्ठ्या झुरळांनी खाल्लेल्या. बाईंनी घरून रुंद तोंडाच्या, लाल झाकणाच्या काचेच्या बरण्या आणल्या होत्या, सगळ्या सारख्या. त्यातली एक त्यांनी मावशीला मिठासाठी दिली होती. मावशी ती रोज पदरानं पुसायची.

पौषातला दिवस होता. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. सकाळी लवकर जाऊन मी नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. साधे पदार्थ निळ्या शाईत, विषारी लाल शाईत. मोरचूद, बेरियम क्लोराईड, असली सहासात नावं लाल शाईची. डिंक संपला होता म्हणून मावशीकडून कणकेची खळ करून आणली. चिठ्ठ्या लावलेल्या बरण्या ओट्याच्या एका टोकाला वाळत ठेवल्या. बाई म्हणाल्या, "त्यांना हात लावू नकोस आता. वाळू देत."

तिसरा तास आमचाच होता. शुद्ध पदार्थ आणि मिश्रण. बाईंना प्रयोगाला मीठ हवं होतं आणि त्यांचं संपलेलं. त्यांनी मला मावशीकडं पाठवलं. मावशीनं बरणी दिली आणि बजावलं, "लगीच परत आन गं. अजून भात चढवायचाय, मीठ लागंल."

त्या तासाइतकं शाळेत कधी हसल्याचं मला आठवत नाही. बाईंनी ओट्यावर एकेक गोष्ट मांडली. मीठ, साखर, वाळू, लोखंडाचा कीस, एका पेल्यात हापशाचं पाणी. "सांगा, यात शुद्ध कोण आणि मिश्रण कोण?"

हापशाचं पाणी आम्ही एका आवाजात शुद्ध ठरवलं. बाईंनी ते वाटीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर आटवलं. वाटीच्या तळाला पांढरा थर राहिला. पोरं चाट पडली.

"मग बाई, खिचडी?" मागून कुणीतरी विचारलं.

"मिश्रण."

"आन् दुकानात डब्यावर शुद्ध तूप लिवत्यात ते?"

बाई हसल्या. "तेही मिश्रणच. व्यवहारातलं शुद्ध वेगळं. इथं शुद्ध म्हणजे एकच पदार्थ, दुसरं काही मिसळलेलं नाही. तो चांगला की वाईट, याच्याशी काही संबंध नाही." मग त्यांनी वाळत ठेवलेल्या बरण्यांकडं बोट केलं. "ते बेरियम क्लोराईड बघा. दिसतं अगदी मिठासारखं. शुद्ध आहे. आणि चिमूटभर पोटात गेलं तर माणूस दगावतो."

 मग बाईंनी वाळूत मीठ मिसळलं, पाण्यात ढवळलं, गाळलं, आटवलं, आणि वाळू वेगळी, मीठ वेगळं करून दाखवलं. घंटा झाली. बाईंना लगेच नववीवर जायचं होतं. किल्ली हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मीठ देऊन ये मावशींना, पटकन." मी ओट्यावरची बरणी उचलली, खिडकीतून मावशीच्या हातात दिली आणि धावत वर्गात गेले. बाईंनी कुलूप लावलं.

चौथा तास इतिहासाचा. सर फळ्याकडं तोंड करून मोहिमांची नावं लिहीत होते. मी वही उघडली, हात टेकवला, आणि कोपराजवळ बाहीला काहीतरी ओढल्यासारखं झालं. बघितलं तर चिठ्ठी. खळ सुकून कडक झालेली. माझंच अक्षर, लाल शाईतलं. बेरियम क्लोराईड. खाली एक रेघ, आणि विषारी.

 ही चिठ्ठी माझ्या बाहीला असेल, तर ती बरणी आता बिनचिठ्ठीची होती. मावशीची मिठाची बरणीही बिनचिठ्ठीची. दोन्ही ओट्यावर, दोन्हींना लाल झाकण. तासाला पोरांनी ढकलाढकली केली होती, वस्तू इकडच्या तिकडं झाल्या होत्या. मी उचलली ती कुठली? मी डोळे मिटून आठवायला लागले. हाताला थंड काच आठवत होती. बाकी काहीच नाही.

तेव्हाच उठायला हवं होतं. "सर, मला जायचंय," एवढंच म्हणायचं होतं.

मी उठले नाही.

मी चिठ्ठी बाहीवरून सोडवली आणि मुठीत धरली. मला दादा दिसत होते, कासरा गुंडाळणारे. एक जरी तक्रार आली. मला पाचटावरचं दव दिसत होतं. शेख बाई परत कधी मला किल्ली देणार नाहीत हे दिसत होतं. मी स्वतःला सांगत होते की मी मिठाचीच नेली असेल, निम्मी शक्यता तर तीच आहे. खिडकीतून फोडणीचा आवाज आला, चर्र करून. मग तांदूळ ओतल्याचा. मी मनात पद्धती आठवत बसले. लोखंडाला चुंबक. वाळूला गाळणी. पाणी आटवून मीठ. एवढ्या मोठ्या पातेल्यातून काही परत काढून घ्यायची पद्धत बाईंनी शिकवली नव्हती. मग वास आला. रोज ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागायचा तो वास, आणि मी दुसऱ्या हातानं नाक दाबून धरलं.

मधेच मावशीच्या बांगड्या वाजल्या. पळी पातेल्याच्या काठावर आपटली, टणटण. मावशी अशीच पळी झटकते. मी मूठ आणखी आवळली. सर मोहिमा लिहीत राहिले. अख्खा तास मी तशीच बसून होते.

घंटा झाली आणि माझे पाय आपोआप सुटले.

पाचवीची पोरं व्हरांड्यात ओळीनं बसली होती, ताटल्या पुढं घेऊन. कुणी ताटली वाजवत होतं. मावशीनं दोन विटांवर पातेलं ठेवलं होतं. वाफ तिच्या तोंडावर येत होती. तिनं पहिलं ओगराळं भरलं.  मी पुढं झाले आणि दोन्ही हातांनी पातेलं ढकललं.

ते एका बाजूला कललं, क्षणभर थांबलं आणि आडवं झालं. पिवळी खिचडी व्हरांड्यावरून पायऱ्यांवर गेली. मावशीचा उजवा पाय त्यात बुडाला. ती किंचाळली. माझे तळहात भाजले होते, ते मला नंतर कळलं. सगळ्यात पुढं बसलेली एक बारकी पोरगी रडायला लागली. ती पोळली नव्हती. ती सांडलेल्या खिचडीकडं बघून रडत होती.

मावशीनं मला कानाखाली मारली. "डोकं फिरलं का गं तुजं? पोरांच्या तोंडचा घास सांडला!"

मुख्याध्यापक धावत आले, त्यांच्यामागं शेख बाई.  मी मूठ उघडून बाईंपुढं धरली. बाईंनी चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा असा उतरला की मावशी आपला पाय विसरली.

"काय लिव्हलंय, बाई?"

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. "सुमनताई, तुम्ही चव घेतली का आज?"

"घेतली की. रोज घेते."

"कसं वाटतंय? मळमळ, पोटात दुखणं?"

"पायाची आग व्हतीय. दुसरं काय न्हाई. का?"

बाईंनी मुख्याध्यापकांना जीप बोलवायला सांगितलं, तांब्याभर नव्हे, बादलीभर गार पाणी मावशीच्या पायाशी ठेवलं आणि शेडमधली मिठाची बरणी उचलून प्रयोगशाळा उघडली. मावशी पाय बादलीत बुडवून दारात बसली. मी भिंतीला चिकटून उभी होते.

ओट्यावर दुसरी बरणी होती. बिनचिठ्ठीची. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि हळूच म्हणाल्या, "नुसतं बघून मलाही सांगता यायचं नाही."

त्यांनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. शेडमधल्या बरणीतली चिमूट एकीत, ओट्यावरल्या बरणीतली दुसरीत. पाणी घातलं, हलवलं. दोन्ही नळ्यांतलं पाणी नितळ. मग सोडियम सल्फेटचं द्रावण काढलं. "यात बेरियम असेल तर पांढरं होईल," त्या कुणाकडंच न बघता म्हणाल्या.  ड्रॉपर धरलेल्या हाताचं मनगट त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरलं.

पहिल्या नळीत एक थेंब पडला. काही नाही. दुसरा. तिसरा. बाईंनी नळी उजेडात धरली.  पाणी नितळच राहिलं.

मग त्यांनी दुसऱ्या नळीत थेंब टाकला आणि ती तत्क्षणी दुधासारखी पांढरी झाली.

बाई स्टुलावर बसल्या. "मीठच होतं," त्या म्हणाल्या. "सुमनताई, मीठच होतं." आणि त्यांनी ओढणीत तोंड लपवलं.

म्हणजे मी बरोबर बरणी नेली होती. म्हणजे मी उगाच सांडलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. 

मावशीनं मला जवळ ओढलं. "कवा दिसली गं तुला ती चिठ्ठी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "आत्ताच. घंटा झाली तवा."

"आन् तशीच पळत आलीस?"

"व्हय."

मावशीनं ज्या गालावर मारलं होतं त्यावर हात फिरवला. "माजी वाघीन," ती म्हणाली.

जीप आली, पण मावशी जाईना. "पोरं उपाशी हायत. आदी तांदूळ धुवा." तिनं दारात बसून सांगितलं आणि शेख बाई, दहावीच्या मुली, आम्ही सगळ्यांनी दुसरी खिचडी टाकली. ती शिजेपर्यंत ऊन कललं होतं. पोरं निमूट जेवली. खिचडी अळणी होती. मिठाच्या बरणीला हात लावायला कुणीच धजलं नव्हतं. एकाही पोरानं मीठ मागितलं नाही.

मुख्याध्यापकांपुढं शेख बाईंनी सांगितलं, "चूक माझी. विषारी बरण्या मी उघड्यावर ठेवल्या. मुलीचा काही दोष नाही." दादांपर्यंत तक्रार गेलीच नाही. पण प्रयोगशाळेची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात गेली आणि परत आली नाही. उरलेलं वर्षभर बाईंनी सगळे प्रयोग फळ्यावर काढले. खडूची नळी, खडूची ज्योत, खडूचा धूर. जूनमध्ये त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला एक पेन दिलं आणि म्हणाल्या, "घाबरून विज्ञान सोडू नकोस." मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

आणि मावशी ती गोष्ट सांगत राहिली. बाजारात, पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात. पायावरचा गुळगुळीत डाग दाखवून सांगायची. "चिठ्ठी बघितली आन् तशीच पळत सुटली. दीडदोनशे पोरांसाठी हात भाजून घेतलं." माझ्या लग्नात तिनं सासरच्यांना सांगितलं. माझी मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवर बसून त्या तान्हीला सांगितलं. दर वेळी सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत आणि दर वेळी माझ्या कानात ती पळी पातेल्याच्या काठावर आपटे.

परवा त्या पडक्या खोलीत ती ओट्याच्या कडेला टेकली आणि बोलायला लागली. "तिथं दारात बसले हुते बघ मी, पाय बादलीत घालून. तू चिठ्ठी बघितली आन्..."

"मावशे, थांब," मी म्हणाले.

ती थांबली.

"चिठ्ठी मला घंटेला दिसली न्हाई. तास सुरू झाला तवाच दिसली हुती. मी सगळा तास मुठीत धरून बसले. दादा मला फडावर न्हेतील म्हणून. मी कुनालाच बोलले न्हाई."

पत्रा वाऱ्यानं हलला. उन्हाचा पट्टा ओट्यावरून सरकून परत आला. मावशी माझ्याकडं बघत नव्हती. ती पलीकडं बघत होती, जिथं पूर्वी खिडकी होती आणि तिच्यापलीकडं तिची चूल.

"सगळा तास?"

"व्हय."

 मग अगदी सावकाश, जणू हिशेब नव्यानं मांडावा तशी म्हणाली, "त्या तासात मी तीनदा चव घेतली गं. एकदा मिठाची. एकदा कण शिजलाय का बघायला. आन् शेवटी बोटानं काठ पुसून."

 मी तिच्यापुढं उभी राहिले. तिनं रागानं बोलावं असं मला वाटत होतं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. पायऱ्या उतरायच्या होत्या तेव्हा मी हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही. भिंत धरून, एकेक पायरी करत ती उतरली. मी मागं चार पावलं अंतर ठेवून चालले.

रस्त्यावर पाथर्डीची जीप उभी होती. मावशी आत चढली, खिडकीशी बसली, बाहेर बघत राहिली. मी खालीच थांबले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. शेजारची बाई म्हणाली, "बसा की, ताई, जागा हाय." मी मावशीकडं बघितलं.

तिनं मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली, खिडकीकडं आणखी सरकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ये. उन्हात उभी ऱ्हाऊ नको."